वाढत्या अंगाचे नको, मापाचे हवे : सॉफ्टबॉलच्या कॅचरसाठी संरक्षक साहित्य



शाळेचा गणवेश घेताना आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "एक माप मोठाच घ्या, वाढतं अंग आहे." यात काही चूक नाही. लांब बाही दुमडता येते, सैल चड्डीला नाडी घालता येते आणि एका गणवेशात दोन वर्षे निघतात. पण हीच काटकसर आपण सॉफ्टबॉलच्या हेल्मेटला लावली, तर लेकराचे डोके आणि गळा धोक्यात येतो. मोठे हेल्मेट दुमडता येत नाही. ते डोळ्यांवर घसरते, आणि नेमके चेंडू येतो तेव्हाच घसरते.

वस्त्यांवरची आणि वसतिगृहांतली मुले-मुली आता सॉफ्टबॉल खेळू लागली आहेत. शालेय क्रीडा स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत हा खेळ आहे. जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत मूल पुढे जाऊ शकते. मराठवाड्यातल्या मुलांना धावण्याची आणि नेम धरून फेकण्याची सवय असल्याने खेळ त्यांना लवकर जमतो. त्यामुळे "मुलांना खेळाचे साहित्य द्यायचे आहे, काय घेऊ?" असे मंडळीतील अनेक जण विचारतात. बॅट आणि चेंडू कोणालाही निवडता येतात. कॅचरचे साहित्य निवडायला मात्र थोडी माहिती लागते. तीच या लेखात सोप्या शब्दांत मांडली आहे.

कॅचर कोठे बसतो?

क्रिकेटमध्ये जसा यष्टिरक्षक, तसा सॉफ्टबॉलमध्ये कॅचर. फरक असा की वेगवान गोलंदाजासमोर यष्टिरक्षक बराच मागे उभा राहतो आणि चेंडू बहुधा टप्पा पडून त्याच्याकडे येतो. कॅचर फलंदाजाच्या अगदी मागे, फिरणाऱ्या बॅटच्या जेमतेम पलीकडे उकिडवा बसतो. पिचर खांद्याखालून फेकतो तो चेंडू टप्पा न पडता सरळ त्याच्याकडे येतो.

खेळाचे नाव ऐकून चेंडू मऊ असेल असे वाटते. 1887 मध्ये शिकागोत एका सभागृहात हा खेळ सुरू झाला, तेव्हा बॉक्सिंगचा हातमोजा बांधून चेंडू केला होता असे सांगतात. आजचा चेंडू तसा नाही. मोठ्या गटांतील चेंडूचा घेर 12 इंच आणि वजन सुमारे 178 ते 198 ग्रॅम असते. क्रिकेटचा पुरुषांचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा असतो. म्हणजे हा "सॉफ्ट" चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड भरतो.

आता वेळेचा हिशोब करू. महिलांच्या खेळात पिचर 43 फूट, म्हणजे सुमारे 13 मीटर अंतरावरून चेंडू टाकते. ताशी 80 किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू हे अंतर सुमारे 0.6 सेकंदात कापतो. तेवढ्यात हात नेऊन तो पकडणे सरावाने जमते. पण चेंडू बॅटच्या कडेला निसटता लागून दिशा बदलतो, तेव्हा कितीही चपळ मुलाला हात फिरवायला वेळ मिळत नाही. तो चेंडू चेहऱ्यावर, गळ्यावर, छातीवर किंवा गुडघ्यावर बसतो. त्या क्षणी मुलाला वाचवते ते अंगावरचे साहित्य, आणि तेही योग्य जागी बसलेले असेल तरच.

वय पाहून घेऊ नका

दुकानात किंवा इंटरनेटवर कॅचर किट पाहिले की त्यावर वयोगट लिहिलेला दिसतो. लहान माप साधारण 9 ते 12 वर्षांसाठी, मधले 12 ते 15 किंवा 16 साठी आणि त्यापुढे मोठ्यांचे माप. ही वर्गवारी बहुतेक वेळा अमेरिकेतील मुलांच्या बांध्यावरून आलेली असते. आपली अनेक मुले लहानपणी पोटभर जेवलेली नसतात. चौदा वर्षांचा मुलगा अंगाने अकराचा दिसतो. त्याचे वय पाहून मधले माप मागवले, तर छातीचे कवच मांडीवर टेकते आणि लेग गार्ड घोट्याखाली जाते.

म्हणून प्रत्येक कॅचरची चार मापे घ्या. शिंप्याची टेप पुरते. टेप नसेल तर सुतळी आणि पट्टी चालते.

1. डोक्याचा घेर : भुवयांच्या सुमारे अडीच सेंटिमीटर वरून, कानांच्या वरच्या बाजूने, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून.
2. धडाची लांबी : गळ्याखालच्या आडव्या हाडापासून बेंबीपर्यंत.
3. छातीचा घेर : काखेखालून, श्वास नेहमीसारखा घेत असताना.
4. पायाची लांबी : गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून पाऊल जेथे वाकते तेथपर्यंत.

ही मापे कागदावर लिहून दुकानदाराला द्या आणि त्याच्या तक्त्याशी जुळवा. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. नेमक्या मापाचे किट भोकरदनच्या बाजारात हाती लागेलच असे नाही. ते छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याहून आणावे लागते, नाहीतर मेरठ-जालंधरकडून मागवावे लागते. चुकीचे आले तर परत पाठवण्यात सरावाचे दिवस जातात, आणि बहुधा "राहू द्या, चालवून घेऊ" असे होते. ते होऊ नये म्हणून आधी माप.

डोके, चेहरा आणि गळा

कॅचरच्या हेल्मेटचे दोन प्रकार आहेत. एकात टोपीसारखे हेल्मेट आणि त्यावर वेगळा जाळीचा मास्क असतो. दुसऱ्यात हेल्मेट आणि मास्क एकत्र असतात, हॉकीच्या गोलरक्षकासारखे. नवशिक्या मुलांना दुसरा प्रकार सोपा जातो, कारण त्याचे भाग एकमेकांपासून सरकत नाहीत. पहिल्या प्रकारात चेंडू उंच उडाला की मास्क झटकन काढून फेकता येतो.

बसवताना पुढील गोष्टी पाहा. आतली गादी कपाळाला सगळीकडे सारखी टेकली पाहिजे. हनुवटी तिच्या वाटीत बसली पाहिजे. पट्टा लावून मुलाला "नाही, नाही" म्हणत मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरले पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. मग मान न वळवता त्याच्या दोन्ही बाजूंना बोटे धरा आणि किती बोटे दिसतात ते विचारा. जाळीची सळई डोळ्यासमोर येत असेल, तर ते हेल्मेट त्याचे नाही.

मोठे हेल्मेट बसावे म्हणून आत टॉवेलची घडी किंवा फोमचा तुकडा घालू नका. चेंडू लागला की घडी सरकते आणि मास्क नाकावर आदळतो. मुलींनी वेणी मानेजवळ खाली बांधावी. डोक्याच्या मागे अंबाडा असला तर हेल्मेट पुढे ढकलले जाते. केसांना भरपूर तेल असेल तर गादी घसरते, म्हणून सामन्याच्या दिवशी तेल बेताने.

गळ्यासाठी मास्कच्या खाली वाढवलेली जाळी किंवा लोंबणारी पट्टी असते. हा छोटा तुकडा अनेकदा हरवतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. श्वासनलिका त्याच्या मागे आहे, म्हणून त्याशिवाय मूल बसवू नये. मुलाने उकिडवे बसून हनुवटी वर केली, तरी मास्क आणि छातीच्या कवचाच्या मध्ये गळा उघडा दिसता कामा नये.

अशा मास्कची कल्पना 1870 च्या दशकात अमेरिकेतील हार्वर्डच्या फ्रेड थेयर यांनी तलवारबाजीच्या मुखवट्यावरून घेतली. तो आधी बेसबॉलमध्ये वापरला गेला. त्यापूर्वी कॅचर उघड्या चेहऱ्याने उभे राहत.

छातीचे कवच

चेस्ट गार्डची वरची कड गळ्याखालची दोन्ही हाडे झाकते आणि खालची कड पोट झाकून कंबरेच्या पट्ट्याशी संपते. माप उभ्याने घ्या, पण तपासणी उकिडवे बसवून करा. बसल्यावर कवच वर सरकून हनुवटीला लागत असेल तर ते लांब आहे. बेंबीच्या वरच संपत असेल तर आखूड आहे. पाठीवरचे पट्टे इतके आवळा की कवच अंगाला चिकटून राहील आणि खोल श्वासही घेता येईल. मग मुलाला चेंडू फेकायला लावा. खांदा अडत असेल तर पट्टा सैल करण्याऐवजी माप बदला. मोठ्या मुलींसाठी वेगळ्या आकाराची कवचे मिळतात. ती मागायला संकोच करू नये, आणि माप एखाद्या ताईने घ्यावे.

येथे एक गोष्ट प्रत्येक पालकाला व शिक्षकाला ठाऊक हवी. हृदयाच्या ठोक्याच्या एका विशिष्ट क्षणी छातीवर चेंडू आदळला, तर पूर्ण निरोगी मुलाचेही हृदय अचानक बंद पडू शकते. असे क्वचित होते. मुलांच्या छातीचा पिंजरा लवचीक असल्याने त्यांना हा धोका जास्त असतो. अमेरिकेत 'नॉक्सी' ही संस्था खेळाच्या साहित्याची मानके ठरवते. तिने या धोक्यासाठी छातीच्या कवचाचे वेगळे मानक केले, आणि 2020 पासून तेथील माध्यमिक शाळांत बेसबॉलच्या कॅचरना तसे कवच सक्तीचे झाले. नवे किट घेताना एन-ओ-सी-एस-ए-ई ही सहा इंग्रजी अक्षरे हेल्मेटवर व कवचावर शोधा. कवचाने धोका कमी होतो, संपत नाही. छातीला चेंडू लागून मूल कोसळले आणि नीट श्वास घेत नसेल, तर 108 ला फोन लावायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला सुरुवात करावी, मिनिटाला 100 ते 120 वेळा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. प्रत्येक संघाबरोबर हे शिकलेला एक तरी माणूस हवा.

पाय

लेग गार्ड गुडघा, नडगी आणि पावलाचा वरचा भाग झाकते. उकिडवे बसल्यावर गुडघा त्याच्या वाटीच्या बरोबर मध्ये यायला हवा. वाटी वर-खाली झाली तर गुडघ्याची कड उघडी पडते. खालची झडप बुटावर टेकावी, पण पाऊल वाकायला अडू नये. पट्ट्यांचे आकडे नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. आतल्या बाजूला लावले तर धावताना एका पायाचा आकडा दुसऱ्यात अडकतो आणि मूल तोंडावर पडते. शक्य तर डाव्या-उजव्यावर खुणा करून ठेवा.

क्रिकेटचे पॅड वापरले तर? ते उभ्या फलंदाजासाठी केलेले असतात. उकिडवे बसले की ते गुडघ्यापासून सुटतात आणि उठून पळता येत नाही. क्रिकेटच्या हेल्मेटचेही तसेच. त्याच्या झापेमुळे वर उडालेला चेंडू दिसत नाही आणि गळा उघडा राहतो. गंमत अशी की 1907 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉजर ब्रेस्नाहान या बेसबॉल कॅचरने क्रिकेटच्या पॅडसारखीच कवचे पायाला बांधून मैदानात पाऊल टाकले, तेव्हा लोकांनी त्याची टर उडवली. आज ती घातल्याशिवाय कोणी बसत नाही. आपल्या मुलांनाही सोबती "घाबरट" म्हणून चिडवतात. शिक्षकांनी ही गोष्ट त्यांना जरूर सांगावी.

हात आणि गार्ड

कॅचरचा हातमोजा, ज्याला मिट म्हणतात, इतर खेळाडूंच्या मोज्यापेक्षा जाड आणि गोल असतो. उजव्या हाताने फेकणारा मुलगा तो डाव्या हातात घालतो, हे मागवताना स्पष्ट लिहा. मुलाला तो स्वतःच्या बळाने मिटता आला पाहिजे. नवे चामडे कडक असते. रोज थोडा वेळ हळू चेंडू झेलून ते मऊ होते. रिकामा हात पाठीमागे किंवा मोज्याच्या आड ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण कॅचरची बोटे बहुधा तेथेच दुखावतात.

मुलांना आतले गार्ड हवेच. मुलींसाठीही तशी गार्ड मिळतात. ही वस्तू प्रत्येकाची स्वतंत्र असावी, वाटून वापरू नये. देणगीच्या यादीत ती लिहायला लोक लाजतात, म्हणून ती बहुधा राहून जाते.

मूल तक्रार करत नाही

वाचकहो, आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या वसतिगृहातील मूल देणगीच्या वस्तूंवर वाढते. दिलेल्या वस्तूला नाव ठेवू नये, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. त्याला "बरोबर आहे ना रे?" असे विचारले तर उत्तर "हो सर" हेच येते. हेल्मेट कानाला टोचत असले तरी, पट्टा दंडात रुतत असला तरी. साहित्य काढून घेतले जाईल, आपली जागा दुसऱ्याला मिळेल, अशी भीतीही असते.

म्हणून हो-नाही असे प्रश्न विचारू नका. "कुठं टोचतंय ते बोट ठेवून दाखव" असे म्हणा. "दहा वेळा ऊठ-बस कर", "पहिल्या बेसपर्यंत पळून ये", "वर बघ आणि हा चेंडू झेल" असे सांगा. मग किट उतरवून कपाळ, हनुवटी, खांदे आणि गुडघ्यामागची कातडी पाहा. लाल वण दिसला की मुलाने न बोललेले कळते. माप चुकीचे निघाले तर मुलासमोर स्वच्छ सांगा, "हे तुझ्या मापाचं नाही, यात तुझा काही दोष नाही. तुझी जागा तुझीच आहे."

या वयात अंग भराभर वाढते. आपले हे पत्रक दर तीन महिन्यांनी हाती येते. ते आले की कॅचरची चार मापे पुन्हा घ्यायची, अशी आठवण बांधून ठेवा.

जुने साहित्य देताना

शहरातील क्लब आणि शाळा जुने किट देतात, त्याबद्दल आभारच. पण देण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासा. हेल्मेटला केसासारखी जरी भेग असली तरी ते देऊ नका. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी वापरातून काढा. जाळीचा सांधा सुटलेला, सळई वाकलेली किंवा गंजून पातळ झालेली नसावी. आतली गादी दाबल्यावर परत फुगली पाहिजे. ती कडक होऊन भुगा पडत असेल तर ती संपली. भेग झाकण्यासाठी रंग लावू नका. रंगातले आणि थिनरमधले द्रव प्लास्टिकला कमकुवत करतात.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेली गादी आणि प्लास्टिक लवकर निकामी होते. साहित्य सावलीत, हवेशीर जागी टांगा. वापरानंतर सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीतच वाळवा. एकच हेल्मेट चार मुले घालतात, तेव्हा उवा आणि नायटा पसरायला वेळ लागत नाही.

पैसे कमी असतील तर

पूर्ण किट एकदम घेणे जमले नाही, तर काय आधी घ्यावे? गळ्याच्या संरक्षणासह हेल्मेट व मास्क पहिले. मग छातीचे कवच व आतले गार्ड, मग लेग गार्ड आणि मिट. पण याचा अर्थ अर्धे किट घालून मुलाला फलंदाजामागे बसवावे असा नाही. किट पूर्ण होईपर्यंत पिचरने भिंतीवर आखलेल्या चौकोनात किंवा दोन खांबांना बांधलेल्या जुन्या ताडपत्रीवर सराव करावा. फलंदाजांनी उभ्या दांडक्यावर चेंडू ठेवून मारायचा सराव करावा. खेळ थांबत नाही आणि कोणी जखमी होत नाही. पिचरचा हात मोकळा करून देण्यासाठी बाजूला बसणाऱ्या मुलालाही मास्क हवाच.

सुरुवातीला लहान आणि मधल्या मापाचे एकेक किट असले तर दोन वयोगटांतील बहुतेक मुलांची सोय होते. मोठ्यांचे किट स्वस्तात मिळत असले तरी ते "पुढे उपयोगी पडेल" म्हणून पाठवू नका. ते आजच कोणातरी लहान मुलाच्या अंगावर चढेल, कारण दुसरे काही नसेल.

म्हणून विनंती एवढीच. किट घेण्याची इच्छा झाली की दुकानात जाण्यापूर्वी संघाच्या शिक्षकांना फोन करा आणि कॅचरची चार मापे मागा. मापे तयार नसतील, तर ती घ्यायला लावा. कागदाच्या त्या चिठ्ठीला खर्च काही नाही, आणि तुमची देणगी मुलाला खरोखर वाचवणार की नाही हे तिच्यावरच ठरते.